तालीम कुणाची?

भुसावळच्या रेल्वे कॉलनीत आमच्या मागच्या ओळीत एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहायचे. आम्ही पोरं त्यांना अंकल म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला आंटी. नाताळ पंधरा दिवसांवर आला की आंटींच्या घरातून केकचा वास यायला लागायचा आणि त्याच्यासोबत एका माणसाचा आवाज. गडी इतका हळू गायचा की रेकॉर्ड लावली आहे हे आधी लक्षातच यायचं नाही, कुणीतरी पाहुणा बोलतोय असं वाटायचं. माझे वडील मालगाडीचे गार्ड. रात्रभर ब्रेक व्हॅनमध्ये हेलकावे खाऊन सकाळी घरी आले, लाइन बॉक्स दाराशी ठेवली, की पायातले बूट काढता काढता मागच्या खिडकीकडे बघून म्हणायचे, "हा माणूस गातो की कानात सांगतो?"

त्या माणसाचं नाव जिम रीव्ह्ज. बांद्र्यात, गोव्यात, पुण्याच्या कॅम्पात वाढलेल्यांना हे नाव सांगावं लागणार नाही. नाताळच्या गाण्यांची त्याची तबकडी कित्येक ख्रिस्ती घरांत फराळाच्या डब्याइतकी ठरलेली असायची. आम्हा बाकीच्यांना तो "इंग्लिश गाणी म्हणणारा" एवढाच ठाऊक. ते गाणं अमेरिकेतल्या कुठल्या भागाचं, त्याला तिथे काय म्हणतात, याची चौकशी करावी असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

चौकशी करायला पन्नासएक वर्षं गेली. मुलगा अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला नोकरीला लागला, गेल्या नोव्हेंबरात मी तीन महिन्यांसाठी त्याच्याकडे गेले, आणि एका शनिवारी त्याने मला कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमच्या दारात सोडलं. त्या गाण्याला तिथे कंट्री म्हणतात, आणि हे त्यातल्या थोरांचं संग्रहालय. "आई, दोन तासांत येतो." मी त्याला फोन करून चार तास मागून घेतले.

इमारतीच्या खिडक्या पियानोच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांसारख्या आहेत. आतले मजले पोशाख, गिटारी, नाना मोटारी यांनी भरलेले. ते मी भरभर पाहिलं. मला थांबवलं ते शेवटच्या गोल दालनाने. उंच, घुमटासारखं, आत शिरल्यावर माणसं आपोआप हळू बोलायला लागतात. भिंतीभोवती ब्राँझच्या पाट्या, प्रत्येक पाटीवर एक चेहरा आणि खाली चार ओळी. पाट्यांना मानाचा क्रम नाही, गोलाला पहिला आणि शेवटचा नसतोच. वर कडेने एका जुन्या भजनाचं नाव गोल लिहिलंय, हे वर्तुळ अखंड राहील का, असं विचारणारं.

जिम रीव्ह्जची पाटी सापडली. 1967 साली त्याला इथे घेतलं, आणि तो गेला 31 जुलै 1964 रोजी. छोटं विमान स्वतः चालवत नॅशव्हिलला परत येत होता, गावाजवळ वादळात सापडला. एक्केचाळिसावा वाढदिवस तीन आठवड्यांवर होता. म्हणजे आंटींच्या खिडकीतून मी ज्याला ऐकत होते तो माणूस मला दोन वर्षांची सोडून गेला होता. हे मला त्या पाटीसमोर कळलं. इतक्या वर्षांनी सुतक धरण्यात अर्थ नाही, पण मी जवळच्या बाकावर बसले खरी.

*

बसल्या बसल्या पाट्या मोजायचा चाळा लागला आणि त्यातून हा लेख.

हॉलची पद्धत थोडक्यात सांगते. 1961 साली कंट्री म्युझिक असोसिएशनने हा मान सुरू केला. पहिल्या वर्षी तिघं: जिमी रॉजर्स, हँक विल्यम्स आणि गीतकार-प्रकाशक फ्रेड रोज. तिघंही तोवर वारलेले. जिवंतपणी मान मिळालेला पहिला रॉय एकफ, 1962 साली. 1963 साली मतदान झालं, पण कुणालाच पुरेशी मतं पडली नाहीत, म्हणून त्या वर्षी कुणीच नाही. हे मला फार आवडलं. आपल्याकडे शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ एकदा आणून ठेवले की कुणाच्या तरी हाती द्यावेच लागतात. हल्ली दर वर्षी साधारण तिघांना घेतात. एक अलीकडच्या काळातला, ज्याला देशभर नाव होऊन वीस वर्षं झाली. एक जुना, चाळीस वर्षांच्या पलीकडचा. आणि तिसरी जागा आळीपाळीने गीतकार, वादक आणि पडद्यामागची माणसं यांच्यात फिरते. मतं देणारे कोण ते जाहीर होत नाही.

गायकाला जागा आहे, वादकाला आहे, गीतकाराला आहे, रेकॉर्ड कंपनीच्या साहेबालाही आहे. मी बाकावर बसून एक जागा शोधत होते आणि ती सापडत नव्हती.

मी लहानपणी सहा वर्षं गाणं शिकले. पुढे काही केलं नाही, बँकेत चिकटले. पण आमच्या गुरुजींची एक सवय अंगात राहिली. कुणी नवा गायक चांगलं गाऊन गेला की गुरुजी "वा" म्हणायचे आणि लगेच शेजारच्याला विचारायचे, "तालीम कुणाची?" उत्तर मिळेपर्यंत त्यांची दाद अर्धवट असायची. आणि स्वतःच्या गुरूंचं नाव घ्यायची वेळ आली की बोटं आधी कानाच्या पाळीला जायची, मग नाव यायचं. आम्ही पोरी त्याची नक्कल करून हसायचो. नक्कल करता करता ती सवय आम्हालाच जडली.

तर त्या गोल दालनात मी पाट्यांना हा एकच प्रश्न विचारत फिरले. सुरुवात सगळ्यात थोरांपासून केली.

*

जिमी रॉजर्स तर आमच्याच खात्यातला. मिसिसिपीतल्या रेल्वेवर ब्रेकमन. म्हणजे धावत्या मालगाडीच्या टपावरून डब्यामागून डबा चालत जाऊन हाताने ब्रेकची चाकं फिरवणारा माणूस. गार्डाच्या मुलीला हे वाचताना पोटात कसं होतं ते सांगता येणार नाही. क्षयाने त्याची रेल्वे सुटली आणि गाणं उरलं. 1933 साली न्यूयॉर्कमध्ये शेवटचं ध्वनिमुद्रण केलं तेव्हा स्टुडिओत खाट टाकली होती, दोन गाण्यांच्या मध्ये पडायला. त्याच आठवड्यात गेला, पस्तिसाव्या वर्षी.

हा माणूस पोरवयात रुळांवर काम करणाऱ्या काळ्या मजुरांच्या टोळीला पाणी पाजायचा. रूळ सरकवताना ते मजूर ज्या हाकाऱ्या द्यायचे, त्यांतून त्याने गाणं उचललं. आमच्या कॉलनीच्या पलीकडे गँगमन पहारी लावून रूळ हलवायचे तेव्हा एक जण ओळ टाकायचा आणि बाकीचे "हैय्या" म्हणायचे. पहारीला जोर त्या "हैय्या"वर लागायचा. त्या सांगणाऱ्याचं नाव आम्हाला ठाऊक नव्हतं. रॉजर्सच्या टोळीतल्या सांगणाऱ्यांचंही कुठे लिहिलेलं नाही. असू दे, टोळीला पाटी कशी लावणार?

पण पुढच्यांची नावं आहेत.

हँक विल्यम्स अलाबामातला, पाठीच्या कण्याचं दुखणं जन्मासोबत घेऊन आलेला मुलगा. रस्त्यावर गिटार वाजवणाऱ्या रूफस पेन नावाच्या काळ्या गवयाच्या मागे मागे हिंडायचा. लोक पेनला टी-टॉट म्हणत. हँकची आई त्याला जेवायला घाली, त्या बदल्यात तो पोराला शिकवी, अशी हकीगत आहे. हँकने नाव झाल्यावर हे लपवलं नाही. मला जी काय तालीम मिळाली ती या एका माणसाकडून, असं तो उघड सांगायचा. पेन 1939 साली माँटगमेरीत गरिबीत वारला. त्याचा आवाज कुठे नोंदलेला नाही. त्याचा शिष्य 1 जानेवारी 1953 रोजी मोटारीच्या मागच्या सीटवर मेला, एकोणतिसाव्या वर्षी, आणि आठ वर्षांनी या भिंतीवरचा पहिल्या तिघांतला झाला.

कार्टर कुटुंबाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे आणि मला जास्त छळते.

1927 सालच्या जुलैअखेर राल्फ पीअर नावाचा गृहस्थ व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीची यंत्रं घेऊन ब्रिस्टलला आला. हे गाव टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवर आहे, मुख्य रस्त्याची एक बाजू एका राज्यात, दुसरी दुसऱ्या. डोंगरातल्या गवयांना त्याने बोलावलं, तबकडीच्या एका बाजूला पन्नास डॉलर देऊ केले. कार्टर मंडळी आली: ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा आणि भावजय मेबेल. ही मेबेल त्या वेळी अठराची, गरोदर. दोनच दिवसांनी जिमी रॉजर्सही तिथेच गायला. आज कंट्री संगीताचा जन्म झाला तो आठवडा म्हणून तोच दाखवतात.

पीअरचं खरं उत्पन्न तबकडीपेक्षा गाण्याच्या हक्कातून होतं. त्यामुळे त्याला अशी गाणी हवी असत जी आधी कुणी नोंदवलेली नाहीत. झालं, ए. पी. डोंगर तुडवू लागला. म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून गाणी गोळा करायची, थोडी दुरुस्त करायची आणि आपल्या नावावर नोंदवायची. अडचण एक होती. शब्द त्याला कागदावर उतरवता येत, पण चाल घरी जाईपर्यंत डोक्यातून उतरून जाई.

चाल लक्षात ठेवायला त्याने एक माणूस बरोबर घेतला. लेस्ली रिडल. काळा, सिमेंटच्या कारखान्यात अपघात होऊन उजवा पाय गेलेला, पुढे बंदुकीच्या अपघातात दोन बोटंही गेलेली. उरलेल्या बोटांनी त्याने गिटार नव्याने बसवली. 1928 च्या सुमाराला दोघांची गाठ किंग्सपोर्टला पडली आणि ही जोडी वर्षानुवर्षं हिंडत राहिली. काळ्यांच्या वस्तीत, चर्चमध्ये, जिथे एकट्या ए. पी.ला कुणी दार उघडलं नसतं, तिथे रिडल पुढे होई. तो म्हणे, मी त्याचा टेपरेकॉर्डर होतो. घरी येऊन तो मेबेलला चाली वाजवून दाखवी. "कॅननबॉल ब्लूज" तिने त्याच्याकडून घेतलं. मेबेलचा हात आज अमेरिकेतला प्रत्येक गिटार शिकणारा गिरवतो: अंगठ्याने खालच्या जाड तारांवर चाल आणि बोटांनी वरच्या तारांवर झणत्कार. या हातात रिडलचा वाटा किती आणि तिचा स्वतःचा किती, यावर जाणकार वाद घालतात. माझं मत विचाराल तर मेबेल प्रतिभावंत होतीच. प्रतिभावंतालाही समोर कुणीतरी वाजवून दाखवावं लागतं.

गाण्यांवर नाव ए. पी. कार्टरचं. 1970 साली कार्टर कुटुंबाला या भिंतीवर घेतलं. रिडल 1942 सालीच टेनेसी सोडून वर न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला निघून गेला होता आणि गाणं जवळजवळ थांबवलं होतं. साठच्या दशकात मेबेलनेच माइक सीगर या संग्राहकाला त्याचं नाव सांगितलं, तेव्हा सीगर जाऊन त्याला भेटला, त्याच्याकडून वाजवून घेतलं. हे मेबेलच्या पदरात टाकायला हवं. ती ध्वनिमुद्रणं लोकांपुढे आली 1993 साली, रिडल वारल्यावर.

*

आता आर्नल्ड शुल्ट्झ. याच्यापाशी मी सगळ्यात जास्त वेळ बसले, म्हणजे त्याच्या नसलेल्या पाटीपाशी.

केंटकीतला कोळशाच्या खाणीत राबणारा माणूस. 1886 चा जन्म, 1931 साली मृत्यू. फिडल म्हणजे व्हायोलिन वाजवी, गिटार वाजवी, नाचाच्या कार्यक्रमांना जाई. रोझीन नावाच्या खेड्यात आईबाप गेलेला एक पोरगा मामाकडे राहायचा. शुल्ट्झ त्या पोराला बरोबर न्यायचा, आपण फिडल वाजवायचा आणि त्याला गिटारवर साथीला बसवायचा. तो पोरगा बिल मन्रो. पुढे त्याने ब्लूग्रास नावाचा अख्खा प्रकार उभा केला, 1970 साली कार्टर कुटुंबासोबतच भिंतीवर आला. मन्रो शुल्ट्झचं ऋण मानायचा. पण मामावर त्याने गाणं केलं, ते अजरामर झालं. शुल्ट्झच्या वाट्याला मुलाखतींतले उल्लेख आले.

शुल्ट्झची दुसरी ओळ मात्र अशी आहे की आमच्या गुरुजींनी वहीत घराण्याचा तक्ता काढला असता. अंगठ्याने ठेका आणि बोटांनी चाल, एका गिटारीतून दोन गिटारींचा भास, असा त्याचा हात. तो हात केनेडी जोन्स नावाच्या गोऱ्या वादकाने त्याच्याकडून उचलला असं सांगतात. जोन्सकडून मोझ रेगर आणि आयक एव्हर्ली या खाणकामगारांकडे. त्या दोघांकडून मर्ल ट्रॅव्हिसकडे. ट्रॅव्हिस सिनसिनाटीच्या रेडिओवर वाजवू लागला, आणि दूर जॉर्जियात घरी जोडलेल्या क्रिस्टल रेडिओला कान लावून बसलेल्या एका दमेकरी पोराने ते ऐकलं. ट्रॅव्हिस अंगठा आणि एकच बोट वापरायचा. त्या पोराला दिसत तर काहीच नव्हतं. त्याला वाटलं एवढा आवाज काढायला तीन बोटं तरी लागत असणार, म्हणून तो तीन बोटांनी शिकला आणि गुरूच्या पुढे गेला. तो पोरगा चेट ॲटकिन्स.

ट्रॅव्हिस भिंतीवर आहे, 1977. ॲटकिन्स आहे, 1973. आयक एव्हर्लीची मुलं, एव्हर्ली ब्रदर्स, 2001 साली आली. तक्त्याच्या वरच्या टोकाला जागा रिकामी.

आणि चेट ॲटकिन्स पुढे नॅशव्हिलला आरसीए या रेकॉर्ड कंपनीचा निर्माता झाला. फिडल, बँजो मागे ठेवून, पियानो आणि मागे गाणाऱ्यांचे मऊ सूर आणून, एका टेक्सासच्या गायकाला त्याने मायक्रोफोनला ओठ जवळजवळ टेकवून हळू गाऊ दिलं.  1959 साली तसं मुद्रित झालेलं "ही'ल हॅव टू गो" जगभर गेलं. तो गायक जिम रीव्ह्ज.

म्हणजे आमचे वडील बुटाची नाडी सोडत विचारायचे त्या प्रश्नाचं उत्तर मला केंटकीच्या खाणीपर्यंत घेऊन गेलं. मी काही असा दावा करत नाही की जिम रीव्ह्जच्या गाण्यात शुल्ट्झचा हात ऐकू येतो. येत नाही. पण ज्याने रीव्ह्जला हळू गाऊ दिलं त्याचे कान ज्यावर घडले, ते शुल्ट्झपासून आलेलं होतं.

यावर कुणी म्हणेल, आणि मुलगा म्हणालाच, "आई, त्याची एकही रेकॉर्ड नाही. मग मोठा होता कशावरून?" मी त्याला अल्लादिया खाँसाहेबांचं नाव सांगितलं. खाँसाहेबांनी स्वतःची तबकडी कधी निघू दिली नाही. म्हणून जयपूर घराण्याच्या मुळाशी कोण यावर कोल्हापुरात कुणी शंका काढत बसतं का? केसरबाई ऐका, मोगूबाई ऐका, तिथे खाँसाहेब ऐकू येतात. शिष्य हीच नोंद. (आपल्या भिंतीही सगळ्या भरलेल्या आहेत असं नाही, हे मला कळतं. जुन्या तबकड्यांवर सारंगियाचं नाव शोधायला जा, म्हणजे समजेल.)

*

डीफर्ड बेलीची पाटी आहे, तरी ती बघून राग येतो.

1899 चा जन्म, टेनेसीतल्याच एका खेड्यात. तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला, वर्षभर अंथरुणात. हलता येत नाही म्हणून घरच्यांनी हातात माउथ ऑर्गन दिला. पोराने पडल्या पडल्या बाहेरचे आवाज त्यात उतरवले: कोंबड्या, शिकारी कुत्री आणि मुख्य म्हणजे आगगाडी. उंची पाच फुटांपर्यंत पोचलीच नाही. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम रेडिओवर त्याची गाडी इतकी हुबेहूब धावायची की मी ते जुनं मुद्रण ऐकताना डोळे मिटून सांगू शकत होते, आता पुलावर आली, आता सपाटीला लागली, आता लांब गेली. लांब जाणाऱ्या शिट्टीचा सूर उतरतो, तोही त्याने सोडलेला नाही. गार्डाच्या मुलीचं प्रशस्तिपत्र आहे, घ्या.

10 डिसेंबर 1927 च्या रात्री रेडिओवर आधी पाश्चात्त्य अभिजात संगीताचा कार्यक्रम झाला, मग बेलीने गाडी सोडली. ती थांबल्यावर निवेदक म्हणाले, तासभर आपण ग्रँड ऑपेरा ऐकलात, आता इथून पुढे "ग्रँड ओल ऑप्री". त्या कार्यक्रमाला ते नाव चिकटलं ते कायमचं. आजही तो चालू आहे. निवेदकांचं नाव जॉर्ज डी. हे. आडनावच "हे".

बेली दौऱ्यांवर जायचा तो गोऱ्या कलाकारांसोबत. लोक त्याला ऐकायला यायचे आणि रात्री हॉटेलवाले त्याला आत घेत नसत. अंकल डेव्ह मेकन हा म्हातारा बँजोवाला मग सांगायचा, हा माझा नोकर आहे, याला माझ्या खोलीत झोपू द्या. 1941 साली गाण्यांच्या हक्कांवरून रेडिओवाले आणि हक्कधारकांची संस्था यांचं भांडण पेटलं. बेलीची लोकप्रिय गाणी त्या भांडणात अडकली, रेडिओवर वाजवता येईनात. त्याला काढून टाकलं. हे साहेबांनी पुढे 1945 साली छापलेल्या पुस्तिकेत लिहिलं की डीफर्ड आळशी होता, नवं काही शिकेना. पंधरा वर्षं त्याला तीच तीच गाडी सोडायला लावणारे कोण होते, ते पुस्तिकेत नाही.

पुढची कित्येक वर्षं बेली नॅशव्हिलमध्ये लोकांचे बूट पॉलिश करत होता. त्याच गावात. ज्या रस्त्यांवरून ऑप्रीचे प्रेक्षक चालत जात त्याच गावात. 1974 साली पंचाहत्तराव्या वाढदिवसाला त्याला परत त्या मंचावर बोलावलं. 1982 साली तो गेला.

आता साल बघा. जॉर्ज डी. हे भिंतीवर आले 1966 साली. अंकल डेव्ह मेकन त्याच वर्षी. डीफर्ड बेली 2005 साली. ज्याच्या गाडीवर बसून कार्यक्रमाला नाव मिळालं तो नाव देणाऱ्याच्या एकोणचाळीस वर्षं मागून आला. पाटीवर हे साल छोट्या अक्षरांत असतं, कुणाचं लक्ष जात नाही.

*

उशीर हा या दालनाचा जुना आजार दिसतो. पॅट्सी क्लाइन ही एकटीने गाणारी पहिली स्त्री 1973 साली आत आली, विमान अपघातात गेल्यावर दहा वर्षांनी. जून कार्टर कॅश, मेबेलची मुलगी, गायक जॉनी कॅशची बायको, मंचावर हसवणारी, गाणारी, लिहिणारी, ती 2025 साली. तिला जाऊन बावीस वर्षं झाली होती. नवरा 1980 सालीच बसलेला होता. गायक टोबी कीथचं मतदान 2024 च्या 2 फेब्रुवारीला बंद झालं, 5 तारखेला तो कर्करोगाने गेला. निवड झाल्याचं त्याला कळलंच नाही. त्याची गाणी मला फारशी भावत नाहीत, पण तीन दिवस!

चार्ली प्राइडचं त्या मानाने बरं झालं. मिसिसिपीतला काळा कापूस वेचणारा मुलगा, बेसबॉल खेळायला गेला आणि गायक होऊन आला. 1966 साली त्याच्या पहिल्या तबकड्या कंपनीने फोटो न छापता बाजारात पाठवल्या, आधी लोकांनी आवाज तर ऐकावा म्हणून. 1971 साली तो असोसिएशनचा वर्षाचा सर्वोत्तम कलाकार ठरला. 2000 साली भिंतीवर आला, आणि तो स्वतः तिथे हजर होता.

आणि 2025 पर्यंतच्या यादीत राल्फ स्टॅन्ली नाही. व्हर्जिनियाच्या डोंगरातला, भावासोबत आणि भाऊ गेल्यावर एकट्याने सत्तरच्या आसपास वर्षं गायलेला माणूस. वाद्याशिवाय नुसत्या गळ्याने तो मृत्यूला विनवणी करतो, ते ऐकून मी त्या रात्री दिवा चालू ठेवून झोपले. लिंडा मार्टेलही नाही. 1969 साली ऑप्रीच्या मंचावर एकटी गाणारी पहिली काळी स्त्री, एक अल्बम काढून धंद्यातून बाहेर पडलेली. तिची कारकीर्द छोटी म्हणून नियमांत बसत नसेल. ती छोटी का राहिली हेही कुणी विचारलं तर बरं होईल.

तरी या सगळ्यांसाठी नियमांत कुठे ना कुठे खिडकी आहे. आज नाही उद्या कुणी अर्ज पुढे सरकवेल. पेन, रिडल आणि शुल्ट्झ यांच्यासाठी खिडकीच नाही. देशभर नाव झाल्याला चाळीस वर्षं मोजायची तर आधी नाव व्हायला हवं ना. त्यांच्यासाठी एक चौथी जागा काढावी, दर चार वर्षांनी एकदा काढली तरी चालेल, आणि तिच्यावर निकष एकच ठेवावा: याच्याकडून शिकलेले किती जण या भिंतीवर आहेत.

*

दालनात एका भिंतीवर थॉमस हार्ट बेंटनचं मोठं चित्र आहे, कंट्री संगीत कुठून आलं ते सांगणारं. फिडलवर नाचणारी जोडपी, चर्चमधल्या बाया, गुराखी, मधोमध धूर सोडत येणारं वाफेचं इंजिन. बेंटन 1975 च्या जानेवारीत आपल्या स्टुडिओत या चित्रापाशीच गेला, सही राहून गेली. इंजिन नीट जमलं नाही, पुन्हा रंगवावं, असं त्याच्या मनात होतं म्हणतात. मला इंजिनात खोट दिसली नाही, वडिलांना कदाचित दिसली असती. त्याच चित्रात बँजो वाजवणारा एक काळा माणूस आहे. बँजो मुळात आफ्रिकेतून आलेल्या लोकांचंच वाद्य. चित्रकाराला त्याला जागा सापडली होती.

मी चित्रासमोर उभी असताना तिथली एक स्वयंसेविका जवळ आली. माझ्याहून वयाने मोठी, गळ्यात ओळखपत्र, केसांची पांढरी वेणी. कुणाला शोधताय का, तिने विचारलं. मी म्हटलं, शुल्ट्झ. तिने भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पहिलं नाव?

"आर्नल्ड," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता हात वर गेलाच.

"तुमचा कान दुखतोय का?" ती काळजीने म्हणाली. "आवाज कमी करायला सांगू?"